सासूबाईंनी दोर नाल्यात टाकले

अमरावती, बाळंतपणाच्या दवाखान्याचा व्हरांडा
मंगळवार, दुपार कलल्यावर, डिसेंबर १९६१

आदरणीय श्रावणदादा यांसी, धाकटा देवमन याचा सविनय जय भीम.

आपली कंबर आता बरी असावी, मालधक्क्यावर पोती उचलताना आपण तिला जपत असावेत, आणि वहिनीसाहेबांचा दमा अकोल्याच्या थंडीनं वाढला नसावा, अशी आशा करतो. (चौथीच्या पोरांना पत्रलेखन शिकवतो म्हणून हात आपोआप ‘आपण’ लिहून जातो. आता पुढं मी तूच म्हणणार. ‘आपण’ म्हणत म्हणत रडगाणं गाता येत नाही.) यानंतर ‘आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत’ हे वाक्य यायला पाहिजे. पोरांनी ते गाळलं की मी एक गुण कापतो. आज माझा काप बावा. ते वाक्य लिहायला हात धजत नाही.

मैना आत आहे. दार बंद आहे. पोटातल्या लेकराच्या मानेभोवती नाळ गुंडाळली असावी असा इथल्या डॉक्टरीणबाईंना संशय आहे, अन् कळा सकाळपासून चालू आहेत. बातमी एवढीच. बाकी जे लिहितो ते हात चालू राहावा म्हणून. मी तीनदा दार ढकलून पाहिलं, तेव्हा नर्सबाईनं मला या बाकावर आणून बसवलं अन् बोट दाखवून सांगितलं की आता जागचं हलायचं नाही. मी वर्गात पोरांना असाच बसवतो. त्या वेळी त्यांना दार किती लांब वाटत असेल ते आज समजलं. तू म्हणशील, मास्तर माणूस, शिकलेला, धीर धरावा. धरतोच आहे. धरला नसता तर चौथ्यांदा ढकललं असतं.

आता पहिल्यापासून सांगतो. मैना पहिलटकरीण, म्हणून दिवाळी झाल्यावर माहेरी गेली. तिचं माहेर दर्यापूरच्याही आत, गाडीवाटेचं गाव. तू लग्नात पाहिलंच आहे. (तिथंच तुझा जोडा काळ्या मातीत रुतून राहिला होता.) दर्यापूरला आठवड्यातून एकदा अमरावतीची डॉक्टरीणबाई येते. मी लांब रजा काढून सासुरवाडीत येऊन राहिलो अन् मैनाला तिच्याकडं नेलं. बाईंनी लाकडी नळी पोटाला लावली, दुसऱ्या टोकाला कान दिला अन् डोळे मिटून बसल्या. बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, लेकराची धडधड चांगली आहे, पण तिच्यासोबत फुंकर मारल्यासारखा आवाज येतो. तो नाळेचा असतो. कदाचित नाळ मानेशी आली असेल. गंज लेकरं, कितीतरी, अशीच जन्मतात अन् ठणठणीत असतात, कधीकधी मात्र त्रास होतो. तेव्हा बाळंतपण गावात करू नका, दिवस भरत आले की अमरावतीला येऊन राहा, अन् मधेच पोटातली हालचाल कमी वाटली तर आहे तसे उठून निघा. बाई फार सरळ बोलल्या. त्यांचं ‘गंज लेकरं’ मैनाच्या लक्षात राहिलं, अन् माझ्या लक्षात तेवढं ‘कधीकधी’. तिथून पुढं मला धड झोप नाही.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडवलं मी. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, बाई काय म्हणाली? साध्या माणसानं एका वाक्यात सांगितलं असतं. मी पडलो मास्तर. मी अंगणात लोटा मागवला, विहिरीचा दोर मागवला, लोटा म्हणजे लेकरू, दोर म्हणजे नाळ, असं म्हणून लोट्याच्या गळ्याला दोन वेढे मारून दाखवले. निम्मी वस्ती गोळा झाली होती. असा वर्ग मला सरकारी शाळेत कधी मिळाला नाही. कोणी खोकललं नाही, कोणी पाणी प्यायला जाऊ का विचारलं नाही. धडा संपल्यावर मी म्हटलं, काही शंका? तेव्हा सासूबाई उठल्या.

आमच्या सासूबाई मनकर्णाबाई कशा आहेत हे तुला सांगायला नको. मनानं सोनं. आवाज मात्र असा की रस्त्यावरून जाणारा परका बैलही थांबून मागं पाहतो. त्यांनी एकच विचारलं, गुंडाळला कोनं? मी म्हटलं, कोणी नाही, आपोआप होतं, लेकरू पोटात फिरते तेव्हा. त्या म्हणाल्या, “दोर काय आपल्या पायानं चालत जाते काय, मास्तर?” मी पुन्हा लोटा उचलला, पण तोवर वर्ग माझ्या हातातून गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून चौकशी बसली. मैनानं कोणता दोर ओलांडला? पाचव्या महिन्यात गोऱ्ह्याचं दावं ओलांडल्याचं तिनं भोळेपणी कबूल केलं. पुढं शोध लागला की चौदा एप्रिलच्या जयंतीला तिच्या गळ्यात झेंडूचा हार पडला होता. तो घातला कोणी? जावयानं. (महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून सत्कार होता दादा, मी काय वरमाला घातली नव्हती. अन् तेव्हा तिला दिवस गेल्याचं कोणाला ठाऊक होतं? पण हे ऐकायला कोणी तयार नाही.) तिथून माझ्याकडं बायका अशा नजरेनं पाहू लागल्या की मी विहिरीवर आंघोळीला जाणं सोडलं.

मग मनाई सुरू झाली. गोल जे जे आहे ते बंद. जातं बंद, कारण ते गरगर फिरते. वेणी बंद. गळ्यातली पोत काढून डब्यात. शेवया बंद, कुरड्या बंद, अन् जिलबीचं तर नावही काढायचं नाही, ती तर साक्षात वेढेच वेढे. मी दर्यापूरहून मैनासाठी पावशेर जिलबी आणली होती ती सासूबाईंनी माझ्या हातून घेतली अन् गोठ्यामागं नेली. मी समजलो गाईला घातली. मग ओठ पुसत आल्या. सासरे पंजाबराव हे वर्षातून तीन वाक्यं बोलणारे गृहस्थ. त्यांच्या डोक्याचं मुंडासं उतरवलं, कारण तेही गुंडाळलेलंच. बोडक्या डोक्यानं ते शेतात निघाले तर वाटेत जो तो थांबवून हळूच विचारी, घरात काही बरंवाईट झालं काय हो? सासऱ्यांनी त्या दिवशी वर्षाची तिन्ही वाक्यं खर्चून टाकली, अन् तिन्ही मला उद्देशून होती.

तू विचारशील, देवमन, तू गप्प काहून बसला? बसलो नाही. ओट्यावर उभा राहून मी भाषण केलं. नागपूरला आपण दीक्षा घेतली ती कशासाठी, बाबासाहेबांनी काय सांगितलं, डोकं वापरा म्हणून सांगितलं की नाही, असं चांगलं तासभर बोललो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी तर सर्वांत जास्त. अन् घरात जाऊन मैनाच्या बाजेची दोरी ढिली केली. सकाळी ती बाजेतून जमिनीला टेकलेली निघाली.

खरं सांगू का दादा, बाहेर भाषण अन् आत माझाही निराळाच कारभार चालू होता. भारताच्या नकाशाचा जाड कागद गुंडाळून मी नळी केली, अन् सकाळ-संध्याकाळ मैनाच्या पोटाला लावून ऐकू लागलो. मला कधी धडधड ऐकू यायची, कधी फुंकर, कधी दोन्ही, अन् एकदा तर स्वच्छ आगगाडी ऐकू आली. मैना दोन दिवस सोसून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, माह्या पोटाले शाळा समजून राह्यले काय, येता जाता तपासणी? अन् नळी उलगडून भिंतीला लावली. ती अशीच. रडणं नाही, घाबरणं नाही, आईचंही ऐकायचं, माझंही ऐकायचं, अन् दुपारी कापूस वेचून आलेल्या बायांशी हसत बसायचं. मला तिचा रागच आला होता. म्हटलं, बाई, तुझ्या पोटात एवढं चाललं आहे अन् तू हसते कशी?

परवा दुपारी मी गोठ्याकडं गेलो. ती तिथं एकटी बसली होती, कडब्याला पाठ टेकून, दोन्ही हात पोटावर. मी आहे हे तिला माहीत नव्हतं. ती पोटाशी बोलत होती. हळू म्हणत होती, “हाल ना रे राजा. एक डाव हाल. तुह्या बापाले लय भेव वाटते.” मी तसाच मागं फिरलो. नाल्याच्या काठानं उगाच दूरवर चालत गेलो अन् तिथं बसून रडलो. हे तुला लिहितो, कारण तू मला लहानपणी रडताना पाहिलं आहे, त्यात नवीन काही नाही.

आता मुख्य गोष्ट. गुरुवारी अमरावतीला निघायचं ठरलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरच्या घरातच व्हायला पाहिजे म्हणून सासूबाई हटून होत्या, पण अखेर कबूल झाल्या. मात्र काल संध्याकाळी त्यांनी एक अट घातली. निघण्याआधी घरातली प्रत्येक गाठ सोडायची. बाहेरचं सुटलं की आतलं सुटते. मी सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, हे आपल्यात बसत नाही. यावर त्या जे बोलल्या त्याचं उत्तर तुझ्यापाशी असलं तर कळव. म्हणाल्या, “छप्पन साली घरातले देव नाल्याच्या डोहात टाकले, तवा तुमीच इथं येऊन भाषण केलं न मास्तर? म्हातारे म्हनत होते, लय वाईट होईन. कोनाचं वाईट झालं? पोट्टे शिकले, घरं चांगली झाली. मंग देव टाकून काही झालं नाही, तं दोर टाकून काय होईन?”  मास्तरकी शिकताना नॉर्मल स्कूलमध्ये आम्हाला हे शिकवलं नव्हतं. शेवटी म्हटलं, करा काय करायचं ते. हेच चुकलं. मला वाटलं, चार गाठी सोडतील, मन शांत होईल, निघू.

सकाळी उजाडता उजाडता उठून बघतो तर काय! बैलांचे कासरे नाहीत, दावी नाहीत, वेसणी नाहीत. गाईचं वासरू चुलीपाशी. धान्याच्या पोत्यांची तोंडं मोकळी अन् तुरीत कोंबड्या. मैनाचे दवाखान्यात न्यायचे कपडे मी स्वतः गाठोडं बांधून ठेवले होते, ते घरभर. सासरे घोंगडं पांघरून ओट्यावर बसलेले अन् धोतर घडी करून मांडीवर. माझ्या पायजम्याचा नाडा उशाशी काढून ठेवला होता तो गायब. अन् हे एका घरात नव्हे. मैना साऱ्या वस्तीची लेक, म्हणून बायांनी घराघरांतून गाठी सोडल्या, सगळे दोर ओंजळीओंजळीनं नेले (मोळी बांधता येत नाही ना, बांधली की गाठ आली) अन् जिथं देव टाकले होते त्याच डोहात टाकून आल्या. आख्ख्या वस्तीत शेळी बांधायला सुतळीचा तुकडा शिल्लक नाही. सासूबाई केस मोकळे सोडून दारात उभ्या अन् चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचं समाधान.

तेवढ्यात मैना आतून आली. भिंतीला धरून उभी राहिली. म्हणाली, राती झोपल्यापासून हाललं नाही. अन् बोलता बोलता वाकली. कळ होती.

दादा, त्या क्षणी काय झालं ते धड आठवत नाही. आहे तसे उठून निघा, एवढे बाईंचे शब्द डोक्यात वाजत होते. गाडी दारात होती. बैल नव्हते. मी पळत सुटलो, एका हातात पायजमा धरून. वस्तीतले सगळे पुरुष आपापली जनावरं शोधत रानात पांगलेले, कोणी धोतर धरून, कोणी चड्डी धरून, अन् मी बैलांच्या नावानं ओरडतो आहे, चांद्या कुठं, मोऱ्या कुठं? तेवढ्यात समोरून महादेवराव आले. गावातले मोठे जमीनवाले कास्तकार. आमचे दोन्ही बैल त्यांच्या वेचणीला आलेल्या कपाशीत सापडले होते. काठीनं हाकत, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, ते बैलांना कोंडवाड्यात घालायला निघाले होते. मी आडवा झालो. हात जोडावे म्हटलं तर दोन्ही हात जोडता येईनात. मी नुसतं म्हटलं, मैनाचं लेकरू हालत नाही, गाडी जुंपायची आहे. ते थांबले. म्हणाले, मंग जुंप न, माह्या तोंडाकडं काय पाह्यतं? म्हटलं, दोर नाहीत. म्हणाले, दोर काहून नाहीत? हे आता त्यांना कोण समजावणार?

बैल आले, गाडी सरळ केली, मैनाला वर घेतलं. पण बैलाच्या गळ्याखालून जुवाला बांधायला जुपणं पाहिजे की नाही? नाहीतर उतारावर गाडी एकीकडं अन् बैल एकीकडं. सगळे एकमेकांकडं पाहू लागले. मग सासूबाईंनी अंगावरच्या लुगड्याचा पदर दातात धरला अन् उभा फाडला. पट्टा काढला. चांद्याच्या गळ्याखालून घेतला, जुवावर आणला, अन् तिथं त्यांचे हात थांबले. कापडाची दोन टोकं एकमेकांवर आणत अन् सोडून देत. गाठ मारवेना त्यांच्यानं. रात्रभर गाठी सोडल्या होत्या ना त्या बाईनं. मैना गाडीत आडवी, घामानं भिजलेली, ती म्हणाली, “माय, बांध. घट्ट बांध. मी सांगतो तुले.” सासूबाईंनी मोठ्यानं हंबरडा फोडला अन् गाठ मारली. तिकडं महादेवरावांनी आपलं मुंडासं काढून मोऱ्याला बांधलं. बांधता बांधता शिव्या चालूच होत्या, मला, बैलाला, सासूबाईंना अन् कपाशीच्या भावाला. माझ्या पायजम्याला कोणी काय बांधलं ते मला दर्यापूरला समजलं; सासऱ्यांच्या धोतराचा काठ होता.

गाठ अशी बसली होती की दर्यापूरला ती कोणाच्या बापाला सुटेना. बैल तसेच गाडीसकट सासऱ्यांच्या हवाली केले अन् आम्ही तिघं अमरावतीच्या मोटारीत चढलो. मोटार भरलेली होती, पण लोकांनी मैनाला मागचा आख्खा बाक दिला. कंडक्टर तिकिटं द्यायला आला. त्याच्या गळ्यात पैशाच्या पिशवीचा चामडी पट्टा. सासूबाईंनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणाल्या, गळ्यातलं काढ. कंडक्टर म्हणाला, बाई, हा सरकारी पट्टा आहे. त्या म्हणाल्या, माह्या लेकीच्या लेकराच्या गळ्याले फास हाये, अन् तू तिच्यासमोर पट्टा घालून फिरतं? मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता उतरवतात आम्हाला. पाहतो तर कंडक्टरनं पट्टा काढून पिशवी बगलेत धरली होती. तशीच त्यानं पुढची सगळी तिकिटं दिली. समोरच्या एका म्हाताऱ्यानं न सांगता मफलर सोडला.  ड्रायव्हर खड्डा आला की मागं वळून पाही, अन् त्याच्या मागं पाहण्यानं पुढचा खड्डा चुकत नसे.

वलगावच्या अलीकडं एक खड्डा असा आला की माझं डोकं वर आपटलं. अन् मैनानं माझं मनगट धरलं. नखं रुतेपर्यंत धरलं. म्हणाली, हाललं. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, हाललं हो! लाथ मारली! मी काय ओरडलो मला माहीत नाही, पण ड्रायव्हरनं गाडी थांबवली. सगळे विचारू लागले काय झालं, अन् सासूबाई उभ्या राहून त्या फाटक्या लुगड्यात साऱ्या मोटारीला सांगू लागल्या, हाललं, माह्यं लेकरू हाललं. कोणीतरी फुटाणे वाटले. मी माझे फुटाणे धरून बसलो, खाल्ले नाहीत. आताही खिशात आहेत.

इथं पोचल्यावर डॉक्टरीणबाई माझ्यावर फार चिडल्या. आधी येऊन राहायला सांगितलं होतं ना? शिकलेले आहात ना? उशीर कशानं झाला? मी म्हटलं, दोर नव्हते. त्यांना ते कळलं नाही, अन् मला सांगायची लाज वाटली. सासूबाईंची नजर मात्र बाईंच्या गळ्यातल्या तपासायच्या नळीवर खिळलेली. मी डोळ्यांनी विनवत होतो, नको, नको. पण त्या बोलल्याच, बाई, थे गळ्यातलं काढा. बाई म्हणाल्या, आजी, हे नसलं तर मी लेकराचं ऐकू कशानं? सासूबाई म्हणाल्या, मंग हातात धरा. बाई नळी हातात धरून आत गेल्या. त्यांना मी कधी विसरणार नाही.

आत्ता जे आहे ते असं. कळ आली की लेकराची धडधड मंद होते, कळ ओसरली की पुन्हा सावरते. सावरते तोवर वाट पाहायची, नाही सावरली तर पोट उघडायचं, असं बाईंनी सांगितलं अन् माझी सही घेतली. मी सहीच्या जागी तारीख लिहिली अन् तारखेच्या जागी ‘देवमन’. सासूबाई दाराशी जमिनीवर बसल्या आहेत, नर्सबाईनं दिलेली चादर पांघरून.  त्यांचा आवाज नाही म्हणून दवाखाना इतका मोठा वाटतो. बाकावर माझ्या शेजारी नत्थुजी म्हणून एक शेतकरी आहे, त्याची बायको शकुन हीही आत आहे. आधीचं लेकरू राहिलं नाही म्हणतो. मघाशी त्यानं मला आपल्या लोट्यातलं पाणी दिलं. गाव विचारलं. पुढचं, जे नेहमी विचारतात, ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, अन् मग मलाच बरं वाटेना म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पाणी अजून घ्या.

कागद संपत आला. वहिनीला जय भीम, पोरांच्या पाठीवर माझ्या नावानं एकेक धपाटा, अन् तू कमरेला तेल लावत जा.

तुझा धाकटा
देवमन

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं काम राहूनच गेलं. वहिनीचं एखादं जुनं, मऊ लुगडं कोणासोबत तरी अमरावतीला पाठव. लेकराला गुंडाळायला म्हणून सासूबाई जे देणार होत्या ते चांद्याच्या गळ्यात आहे.

ता. क. दुसरा. दादा, लुगड्याचं काम हे खरं काम नाही. मघापासून लिहू की नको करून राहिलो. हे वाचून झालं की फाडून टाक, वहिनीलेही दाखवू नको, अन् वस्तीत तर कोणाले नाव काढू नको. जयंतीले मले पुन्हा त्याच ओट्यावर उभं राहायचं आहे. तुह्या घरी अंगणात शेळी बांधली असन, ते सोड. बाजेची दोरी ढिली कर. वहिनीले म्हण, अंबाडा सोड, कारण विचारलं तं काहीही सांग. पत्र तुले उद्या भेटन, तोवर इथं काय थे होऊन गेलं असन, हे मले समजते. मी मास्तर आहो, मले समजते. तरी सोड. आतून तिचा आवाज येऊन राहिला आहे अन् मले बाकावर बसून दुसरं काहीच करता येत नाही, दादा.

ता. क. तिसरा. पोरगी झाली. दोन वेढे होते. बाईंनी ते बोटानं सोडवले. निळी पडली होती अन् रडत नव्हती. सासूबाई दाराबाहेरून ओरडल्या, रड न वं माय! अन् मग रडली. अशी रडली की व्हरांड्यातले सगळे उठून उभे राहिले. मैना बरी आहे. तिनं मला आत बोलावून एकच विचारलं, तुम्ही काही खाल्लं काय? मघाचा दुसरा ता. क. खोडावा म्हणून आता पेन टेकवलं होतं. पण खोडत नाही. पत्र मिळाल्याबरोबर शेळी सोडच. नत्थुजीच्या शकुनचं अजून व्हायचं आहे.